हनुमान सुपरहिरो आहे का? मुळात सुपरहिरो म्हणजे कोण?

ओसरीवरचा (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक चित्र फिरतंय. डावीकडे सुपरमॅन, उजवीकडे मारुतीराया आणि खाली ओळ: "तुमचा १९३८चा, आमचा त्रेतायुगातला". त्यावर जोडलेल्या हातांची रांग लागली आहे. तिथे कुठलाही वाद घातला की तो पार्किंगवर जाऊन थांबतो, म्हणून इथे धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हनुमान सुपरहिरो नाही. यात हनुमानाला कमीपणा नाही आणि सुपरहिरोला हिणवणंही नाही. दोन्हींची जातकुळी वेगळी आहे, एवढंच.

आधी शब्दाकडे बघू. 'सुपरहिरो' हा शब्द इंग्रजीत १८९९ पासून छापील सापडतो, म्हणजे सुपरमॅन जन्मायच्या जवळजवळ चाळीस वर्षं आधी. तेव्हा त्याचा अर्थ 'फार मोठा वीर' इतकाच होता. मुखवटा नाही, उडणं नाही, छातीवर अक्षर नाही.

'सुपरमॅन'ची कुळकथा आणखी वळणाची. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या 'झरतुष्ट्र'मध्ये (१८८३-८५) 'युबरमेन्श', म्हणजे माणसापलीकडचा माणूस, आला. १८९६च्या इंग्रजी भाषांतरात त्याचा 'बियाँड-मॅन' केला होता, तो कुणाच्या जिभेवर बसला नाही. १९०३ मध्ये बर्नार्ड शॉचं 'मॅन अँड सुपरमॅन' छापून आलं आणि हाच शब्द रुळला. पुढे क्लीव्हलँडच्या ग्लेनव्हिल हायस्कूलमधल्या दोन मुलांनी तो उचलला. जेरी सीगल लिहायचा, जो शुस्टर चित्रं काढायचा. दोघेही ज्यू स्थलांतरितांच्या घरातले. जानेवारी १९३३ मध्ये त्यांनी स्वतःच काढलेल्या अंकात 'द रेन ऑफ द सुपर-मॅन' ही गोष्ट छापली. सुपर-मॅनची राजवट! यातला सुपर-मॅन टकला आहे आणि चक्क खलनायक आहे. मंदीचे दिवस. एक शास्त्रज्ञ फुकट पावाच्या रांगेतून एका भणंगाला उचलून नेतो आणि त्याच्यावर रसायनाचा प्रयोग करतो. भणंगाला लोकांच्या मनातलं कळायला लागतं, तो जग ताब्यात घ्यायला निघतो, आणि औषध उतरायला लागल्यावर त्याला कळतं की आपण परत त्याच पावाच्या रांगेत जाणार.

मला ही गोष्ट नंतरच्या सुपरमॅनपेक्षा जास्त आवडते. पण ती चालली नाही. पोरांनी पात्र उलटं केलं, दुष्टाचा सज्जन झाला, आणि जून १९३८ अशी तारीख छापलेल्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो हिरवी गाडी डोक्यावर उचलून उभा राहिला. अंकाची किंमत दहा सेंट.

पीटर कूगन या अमेरिकन अभ्यासकाने २००६च्या पुस्तकात सुपरहिरोच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: लोकांसाठी घेतलेलं व्रत, अचाट शक्ती आणि वेगळी ओळख, म्हणजे दुसरं नाव आणि पोशाख. मारुतीकडे पहिल्या दोन आहेत. तिसरी नाही. तो अशोकवनातही मारुती आहे आणि द्रोणागिरीवरही मारुतीच. त्याला सुपरमॅनसारखी 'क्लार्क केंट' या नावाने कुठल्या वर्तमानपत्रात नोकरी करायची नसते.

मतं येऊ द्या.

चिंचगुळ

+१. आता खरा प्रश्न. चड्डी बाहेरून का?

गोगलगाय_एक्स्प्रेस

वर्तमानपत्रात नोकरी म्हटल्यावर शक्तिमानचा गंगाधर आठवला. चष्मा, पुढे आलेले दात, 'आज की आवाज'. १९९७ पासून दूरदर्शनवर आम्ही क्लार्क केंटच बघत होतो की!

तालीमवाला

@चिंचगुळ, हसण्यावारी नेऊ नका, उत्तर आहे. सर्कशीत आणि जत्रांत शक्तीचे खेळ करणारे पैलवान अंगाला चिकटलेला कपडा घालायचे आणि त्यावरून आखूड चड्डी. मागच्या बाकावरच्यालाही पोटऱ्या, मांड्या दिसायला हव्यात आणि अब्रूही राहायला हवी. शुस्टर स्वतः वजनं उचलायचा, व्यायामाची मासिकं वाचायचा. १९३०च्या दशकातल्या मुलाला 'जगातला सगळ्यात बलवान माणूस' काढायला सांगितलं तर तो हेच कपडे काढणार.

या मंडळींतला मोठा माणूस म्हणजे युजेन सँडो. १९०४-०५ मध्ये तो खेळ करत हिंदुस्थानातही फिरला. आपण ज्याला सँडो बनियन म्हणतो तो याच्याच नावाचा. तेव्हा सुपरमॅनची चड्डी आणि तुमच्या तीर्थरूपांचा बनियन एकाच घराण्यातले, लांबचे का होईना.

चिंचगुळ

दंडवत घ्या _/\_ बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. ते बनियनवरच बसले होते.

अण्णा_कृष्णाकाठ

ओसरीवरचा, दोन नावं हाच तुमचा कस असेल तर मारुतीला सोडा, विराटपर्व काढा.

भीम तिथे बल्लव नावाचा आचारी आहे. दिवसा भाकरी-भाजी, राजाला हसवायला कुस्त्या. कीचक सैरंध्रीच्या मागे लागतो. ती दरबारात दाद मागते, राजा तोंड फिरवतो. मग ती रात्री मुदपाकखान्यात येते. बल्लव नृत्यशाळेत अंधारात कीचकाची वाट बघतो आणि त्याचा लोळागोळा करतो. सकाळी गाव जमतं. सैरंध्री काय सांगते? माझ्या गंधर्व पतींनी मारला. अख्खं मत्स्यदेश गंधर्वांना चळाचळा कापू लागतं आणि आचारी चुलीपाशी कांदा चिरत उभा. (कांदा माझा, व्यासांचा नाही.)

दुबळ्याची बाजू आहे, अचाट शक्ती आहे, खोटं नाव आहे, लोकांच्या मनात धाक बसवणारी एक तिसरीच ओळखही आहे. अजून काय पाहिजे?

आणि आमच्याकडे हे नुसतं पोथीत राहिलं नाही. कृ. प्र. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला, द्रौपदीत देश दिसला, भीमात जहाल. सरकारला पण तेच दिसलं, म्हणून १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. सुपरमॅनच्या आधी २८ वर्षं एका सरकारला बल्लवाची भीती वाटली होती.

रीळवाली

अण्णा, बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). 'कीचकवध' इथे येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ओसरीवरचा

अण्णा, मान गए. पण दोन शंका.

भीमाचा वेश ही अट आहे. वर्ष संपलं की वेश संपला, तो पुन्हा भीम. आणि कीचकाला तो मारतो तो बायकोसाठी. उद्या विराटनगरीत दुसऱ्या कुणा दासीवर अन्याय झाला तर बल्लव उठेल का? व्यासांनी तसा प्रसंगच दिलेला नाही. सुपरहिरोचा अज्ञातवास मात्र कधीच संपत नाही, कारण पुढच्या महिन्यात पुढचा अंक काढायचा असतो. महाभारताला स्वर्गारोहणपर्व आहे. सुपरमॅनला ते परवडत नाही. १९९२-९३ मध्ये त्याला मारून पाहिलं, वर्षाच्या आत जिवंत करावा लागला.

दुसरं, तुमचा मुद्दा न्यूयॉर्कच्या कोर्टात लढवून झाला आहे! सुपरमॅन तुफान खपतोय म्हटल्यावर व्हिक्टर फॉक्स नावाच्या प्रकाशकाने मे १९३९च्या अंकात 'वंडरमॅन' आणला. चित्रकार होता विल आइझनर, पुढे फार मोठा झालेला. सुपरमॅनच्या मालकांनी लगेच दावा ठोकला. फॉक्सच्या बाजूचं म्हणणं काय होतं बघा: असले बलदंड नायक पुराणांत आणि साहित्यात आधीपासून आहेत, हर्क्युलिस आहे, यांचा सुपरमॅन कसला नवा? थोडक्यात, सोसायटीच्या गटावरचं चित्रच, फक्त वकिलाच्या कोटात.

१९४० मध्ये अपील कोर्टाचे न्यायाधीश ऑगस्टस हँड यांनी निकाल दिला. माणसांचं भलं करणारा बलवान, या कल्पनेवर कुणाचीही मालकी नाही, हे त्यांनी मान्य केलं. पण मग ते दोन्ही अंक शेजारी ठेवून बारकावे मोजत बसले. दोघंही साध्या कपड्यांखाली घट्ट पोशाख दडवतात. दोघंही हातात बंदूक चुरडतात. दोघांवर तीन-तीन माणसं गोळ्या झाडतात आणि दोघांना काही होत नाही. एक उंच इमारतींवरून उडी मारतो, दुसरा इमारतीवरून इमारतीवर. फरक काय, तर सुपरमॅनचा पोशाख निळा आणि वंडरमॅनचा लाल. फॉक्स हरला. वंडरमॅन एका अंकातच आटोपला.

सुपरहिरो म्हणजे काय याची पहिली नेमकी यादी कुणा समीक्षकाने केलेली नाही. नक्कल पकडताना एका न्यायाधीशाने केली. म्हणून मी म्हणतो की सुपरहिरो हा पुराणाचा पणतू नाही, तो छापखान्याचा आणि कोर्टाचा मुलगा आहे.

खडूस_वाचक

कोर्टाचा मुलगा हे आवडलं. मग बापाने पोटगी किती दिली तेही लिहा.

पहिल्या गोष्टीची १३ पानं, पानाला दहा डॉलर, म्हणजे १३० डॉलर. तेवढ्यात सगळे हक्क लिहून घेतले. सीगल-शुस्टर १९४७ मध्ये कोर्टात गेले, सुपरमॅन काही परत मिळाला नाही. चित्रपट येणार अशी हवा झाल्यावर, आणि चित्रकारांनी वर्तमानपत्रांतून बोंब मारल्यावर, १९७५ मध्ये दोघांना सुरुवातीला वर्षाला २०,००० डॉलर आणि श्रेयनामावलीत नाव मिळालं. ते १३० डॉलर ज्यात होते तो चेक (इतर कामाचे पैसे धरून एकूण ४१२ डॉलरचा) जपून ठेवलेला होता. २०१२ मध्ये त्याचा लिलाव १,६०,००० डॉलरला झाला. चेकच्या कागदाला मिळाले बरं का. आणि दहा सेंटवाल्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली.

अजून एक. 'कॅप्टन मार्व्हल' नावाचा प्रतिस्पर्धी १९४० मध्ये आला. एक पोरगा 'शझाम' म्हणतो आणि वीज पडून बलदंड बाप्या होतो. शझाम म्हणजे सॉलोमन, हर्क्युलिस, अ‍ॅटलस, झ्यूस, अकिलीस, मर्क्युरी यांची आद्याक्षरं. अण्णांनी लक्ष द्यावं, पुराण असं सुट्या भागांच्या दुकानातून आणलेलं आहे. चाळीसच्या दशकात काही काळ तो सुपरमॅनपेक्षा जास्त खपायचा. त्याच्यावरही खटला, १९५३ मध्ये प्रकाशकाने चार लाख डॉलर देऊन त्याचे अंक बंद केले.

पेडण्याचो

वाचतोय कधीपासून. वेताळ, म्हणजे फँटम, कुठे गेला? तुम्ही सगळे १९३८-१९३८ करताय. ली फॉकचा फँटम १७ फेब्रुवारी १९३६ला आला. अंगावर घट्ट पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, त्यात बुबुळं दिसत नाहीत. सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. फॉकच्या मनात पोशाख राखाडी होता, पण १९३९ मध्ये रविवारची रंगीत पानं निघाली तेव्हा तो जांभळा होऊन आला आणि जांभळाच राहिला.

आपल्याकडे तो इंद्रजाल कॉमिक्समधून आला, मार्च १९६४ पासून. त्याचा देश बंगाला, तो इथे डेंकाली झाला, आणि तो स्वतः वेताळ. मराठीतही वेताळच. हे नाव ज्याने ठेवलं त्याच्या डोळ्यांपुढे विक्रम-वेताळ असेल. पण आमच्याकडे गोव्यात आणि शेजारच्या सिंधुदुर्गात वेताळ झाडाला लटकत नाही, तो गावाचा राखणदार देव आहे. लोलयेला त्याची मोठी दगडी मूर्ती आहे. देव रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहतात. आणि फँटमची जाहिरात काय? चालतं-फिरतं भूत! रात्री फिरणारा, मरत नाही अशी ख्याती असलेला, रानाचा राखणदार. इतकं चपखल बारसं दुसऱ्या कुठल्या सुपरहिरोचं झालं असेल असं मला तरी वाटत नाही.

तालीमवाला

पण फँटमला अचाट शक्ती कुठे आहे? कवटीची अंगठी, दोन पिस्तुलं, घोडा, लांडगा. बापानंतर मुलगा तोच वेश घालतो म्हणून लोकांना तो अमर वाटतो. ही शक्ती नाही, ही घराण्याची गादी आहे. कूगनसाहेबांच्या दुसऱ्या खुणेवर तो नापास.

पेडण्याचो

मग बॅटमॅनही नापास. मे १९३९चा अंक, बापाची इस्टेट आणि एक बटलर. त्याला काढा यादीतून, मग वेताळाचं बोलू.

गोगलगाय_एक्स्प्रेस

*पॉपकॉर्न घेऊन बसले आहे*

होन्शूवासी

जपानमधून लिहितेय. इथे 'ओगोन बात्तो' म्हणजे सोनेरी वटवाघूळ नावाचा गडी १९३१ मध्येच आला. कवटीचं तोंड, झुलता झगा, उडतो, दुष्टांना बदडतो. अटलांटिसच्या काळातून आलेला. तो छापील अंकात नव्हता, कामिशिबाईत होता. खाऊवाला सायकलवर एक लाकडी चौकट घेऊन यायचा, ठोकळे वाजवून पोरं गोळा करायचा, जी गोळ्या घेतील त्यांना पुढे बसवायचा आणि एकेक चित्र सरकवत गोष्ट सांगायचा. ऐन रंगात आल्यावर थांबायचं, उरलेली उद्या.

चित्रं हाताने रंगवलेली, एकेकच प्रत. बहुतेक सगळी नष्ट झाली. क्लीव्हलँडच्या पोरांना याचा पत्ता असण्याचं काही कारण नाही. तिकडेही मंदी, इकडेही मंदी, दोन्हीकडे रोज उद्यावर ढकलायची गोष्ट विकणारे लोक.

अण्णा_कृष्णाकाठ

हे फार सुंदर. पैठणची चित्रकथी मंडळी अशाच चित्रांच्या पोथ्या दाखवायची. पिंगुळीला तर ठाकर कलाकारांनी ती कला अजून राखली आहे. तिथे विषय मात्र रामायण-महाभारतच.

ओसरीवरचा, 'पुढचा अंक काढायचा असतो' हा तुमचा मुद्दा मला आता पटू लागलाय. भीमाला ग्राहक नव्हते.

रीळवाली

सगळे पुरुष पुरुषांचीच यादी करताय म्हणून बोलते. वंडर वुमन १९४१ची. तिचा कर्ता विल्यम मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होता. रक्तदाबावरून खोटं ओळखण्याची चाचणी त्याने काढली होती आणि बाईच्या हातात खरं बोलायला लावणारा दोर दिला. पण ते राहू द्या, आपल्या परळला या.

'हंटरवाली', १९३५, वाडिया मूव्हीटोन, दिग्दर्शक होमी वाडिया. राजकन्या माधुरी. वजीर दुष्ट. दिवसा राजवाडा, रात्री डोळ्यांवर मुखवटा, हातात चाबूक, घोड्यावरून गरिबांच्या मदतीला. भूमिका नाडियाची, म्हणजे ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मेरी इव्हान्सची. मारामाऱ्या, उड्या सगळं स्वतः करायची. मुखवटा आणि दुहेरी आयुष्य हे झोरोचं (अमेरिकन कथेतला मुखवटेवाला तलवारबाज) देणं आहे हे उघड आहे, झोरो १९१९चा आणि डग्लस फेअरबँक्सने १९२० मध्ये त्याला पडद्यावर आणला होता. पण ज्या झोरोकडून हिने घेतलं त्याच झोरोकडून बॅटमॅननेही घेतलं, आणि हिने चार वर्षं आधी घेतलं.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे 'बाय द वे'), परळच्या त्या आवारात १९४२ पासून व्ही. शांतारामांचं राजकमल उभं राहिलं. मराठी माणसाला तो पत्ता वेगळा सांगायला नको.

ओसरीवरचा

हंटरवाली माझ्या डोक्यातच नव्हती, वा! तरी माझा आडाखा सांगतो. मुखवटेवाले आधी पुष्कळ आहेत. झोरो आहे, त्याच्याही आधी १९०५च्या सुमारास लंडनची रंगभूमी आणि कादंबरी गाजवणारा स्कार्लेट पिंपर्नेल आहे, वेताळ आहे, सोनेरी वटवाघूळ आहे. हे सगळे एकेकटे. सुपरमॅननंतर काय झालं, तर दोन-तीन वर्षांत शेकड्याने आले. एकाच छापाचे, त्या कोर्टाच्या यादीबरहुकूम. सुपरहिरो ही जात ठरते ती पहिल्या वीराने नाही, पहिल्या नकलेने. म्हणून मी जन्मतारीख जून १९३८ न धरता मे १९३९ धरतो.

खडूस_वाचक

आणि मालकी? डीसी (सुपरमॅनचे मालक) आणि मार्व्हल या दोन अमेरिकन कॉमिक्स कंपन्या एकमेकींच्या हाडवैरी. पण 'सुपर हीरोज' हा शब्द दोघांनी मिळून ट्रेडमार्क म्हणून नोंदवला होता, १९८१ मध्ये. तिसऱ्याने अंकाच्या नावात तो शब्द वापरला की यांचे वकील हजर. ब्रिटनमधल्या 'सुपरबेबीज' नावाच्या छोट्या कंपनीने २०२४ मध्ये आव्हान दिलं. दोन्ही महाशक्तींनी वेळेत उत्तरच दिलं नाही आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने नोंदणी रद्द केली. १८९९चा शब्द, चार दशकं दोन दुकानांच्या गल्ल्यात.

चिंचगुळ

म्हणजे आता मी 'सुपरहिरो पोहे सेंटर' काढू शकतो? 

खडूस_वाचक

चड्डी बाहेरून घालून वाढलेत तरच गिऱ्हाईक येईल.

रीळवाली

ओसरीवरचा, तुमच्या 'पहिल्या नकलेने' वर थांबते जरा. 'हंटरवाली' इतकी चालली की नाडियाच्या नावाने बाजारात चाबूक, पट्टे, पत्ते, काड्यापेट्या निघाल्या. कुणी वाडियांना विचारलं नाही की पैसे दिले नाहीत. १९४३ मध्ये 'हंटरवाली की बेटी' आली, तीही नाडियाचीच. नक्कल हाच कस लावायचा असेल तर मुंबईत तो १९३५ मध्येच लागला होता. फरक इतकाच की इथे कुणी कोर्टात गेलं नाही, त्यामुळे निळा-लाल मोजणारा न्यायाधीश मिळाला नाही. मग कस नकलेचा आहे की खटल्याचा, ते आधी ठरवा.

ओसरीवरचा

रीळवालीताई, हा फास चांगला आवळलात. आज ऑफिसात आहे, रात्री सविस्तर लिहितो. तोवर एवढंच की चाबूक-पट्टे विकले गेले म्हणजे हंटरवाली खपली, पण दुसऱ्या कुणा स्टुडिओने दुसरी मुखवटेवाली उभी केली का? केली असेल तर मी तारीख बदलायला तयार आहे. नाव आणि साल द्या.

रीळवाली

देते. पण आधी पेडण्याचोंच्या बॅटमॅनला उत्तर द्या, ते मघापासून ताटकळले आहेत.